उएनोची टेकडी आणि अमेयोकोचा बाजार

तोक्यो शहरातील उएनो स्थानकातून बाहेर पडण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. परंतु नवख्या प्रवाशाने त्यांतील दोनच ध्यानात ठेवल्या तरी पुरे. एका वाटेने तो सरळ टेकडीवरील उद्यानात पोहोचतो. तेथे चेरीची झाडे आहेत, संग्रहालये आहेत, प्राण्यांची बाग आहे, आणि टेकडीच्या पायथ्याशी कमळांनी भरलेले एक विस्तीर्ण तळे आहे. दुसऱ्या वाटेने तो रस्ता ओलांडून आगगाडीच्या उंच पुलाखाली शिरतो आणि सुक्या मासळीच्या वासाने, विक्रेत्यांच्या आरोळ्यांनी व गर्दीच्या धक्क्यांनी त्याचे स्वागत होते. या जागेस अमेयोको म्हणतात. लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर, आणि दुकाने सुमारे ४००. टेकडीवरची शांतता आणि खालचा कोलाहल एकाच दुपारी अनुभवावयास मिळाला, यात प्रवासी संतुष्ट होतो व बहुधा तेवढ्यावरच परततो. या दोन जागांचे नाते त्याच्या ध्यानात येत नाही. बाग जन्मली ती १८६८ सालच्या एका पराभवातून आणि बाजार जन्मला तो १९४५ सालच्या दुसऱ्या पराभवातून. पहिल्या वेळी एका राजघराण्याने आपली टेकडी गमावली. दुसऱ्या वेळी सामान्य प्रजेने जवळजवळ सर्वस्वच गमावले. उएनोत हिंडावयाचे ते हे दोन्ही पराभव बरोबर घेऊन.

तोकुगावा इएयासू १६०३ साली शोगुन झाला आणि एदो, म्हणजे आजचे तोक्यो, हे त्याचे सत्तास्थान बनले. शोगुन म्हणजे नावाने सम्राटाचा सेनापती व प्रत्यक्षात देशाचा धनी. छत्रपती आणि पेशवे यांचे संबंध ज्यांना परिचित आहेत, त्या मराठी श्रोत्यांस या व्यवस्थेचे मर्म अधिक उलगडून सांगण्याची जरूर नाही. या घराण्याला तेन्काई नावाचा एक विद्वान व धोरणी बौद्ध भिक्षू सल्लागार लाभला होता. आपल्याकडे ईशान्य ही देवघराची दिशा मानतात. चीन व जपान या देशांत मात्र तीच दिशा राक्षसांच्या प्रवेशाची म्हणून भयप्रद समजली जाई. जुन्या राजधानीच्या, क्योतोच्या ईशान्येस हिएई पर्वतावरचा मठ पहारा करीत असे. तसाच पहारेकरी एदोच्या किल्ल्यालाही हवा म्हणून तेन्काईने १६२५ साली उएनोच्या टेकडीवर कानेइजी नावाचे देवस्थान उभारले. त्याला त्याने नावही 'पूर्वेकडील हिएई' अशा अर्थाचे दिले. हिएई पर्वताखाली बिवा सरोवर आहे; म्हणून येथल्या शिनोबाझु तळ्याला त्याची जागा मिळाली. बिवा सरोवरात देवीचे बेट आहे. म्हणून या तळ्यातही एक बेट घडविण्यात आले आणि त्यावर देवीची स्थापना झाली.

ती देवी आपल्या परिचयाची आहे. जपानी तिला बेन्झाइतेन, किंवा लडिवाळपणे बेन्तेन म्हणतात. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली ही सरस्वतीच होय. हातात वीणेऐवजी बिवा नावाचे तंतुवाद्य आहे, आणि जलाशयाच्या सान्निध्यात राहण्याची तिची मूळची आवड तिने तेथेही सोडलेली नाही. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. जपानी लोकांनी मात्र हा तंटा मोठ्या चतुराईने मिटविला. त्यांनी विद्या, संगीत आणि धनप्राप्ती ही तिन्ही खाती एकट्या बेन्तेनकडे सोपविली. उएनोच्या तळ्यातील तिचे मंदिर १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाले व १९५८ साली पुन्हा बांधण्यात आले. उन्हाळ्यात तळ्याचा मोठा भाग कमळांच्या पानांनी असा झाकून जातो की पाणी दिसत नाही. त्या हिरव्या पसाऱ्यातून वर आलेले मंदिराचे छत पाहिले म्हणजे भारतीय मनाला परकेपणा वाटणे कठीणच.

अडीच शतके या देवस्थानाचे वैभव वाढत गेले. त्याच्या परिसरात ३६ उपमंदिरे झाली. पंधरा शोगुनांपैकी सहा जणांच्या समाध्या येथेच आहेत. तेन्काईने योशिनो पर्वतावरून आणून लावविलेल्या चेरींना बहर आला की एदोचे नागरिक येथे लोटत. पण स्थान राजघराण्याचे असल्यामुळे धिंगाण्यास मनाई असे व सायंकाळी दरवाजे बंद होत. आज त्याच झाडांच्या वारसांखाली चटया पसरून लोक रात्री उशिरापर्यंत खाणेपिणे करतात. तेन्काईला हे कितपत रुचले असते, हा प्रश्न आहे.

१८६७ साली शेवटचा शोगुन योशिनोबू याने सत्ता सम्राटाच्या स्वाधीन केली. तरीही युद्ध टळले नाही. त्यात पराभव पत्करल्यावर तो एदोला परतला आणि शरणागतीची खूण म्हणून कानेइजीच्या एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसला. एदोचा किल्ला रक्तपात न होता नव्या सरकारच्या हाती गेला. या वाटाघाटीत सरकारपक्षाच्या वतीने बोलणी करणारा सेनानी म्हणजे सात्सुमा प्रांताचा साइगो ताकामोरी. मात्र तोकुगावांच्या काही निष्ठावंतांना ही शरणागती मानवली नाही. त्यांनी शोगिताई नावाची पलटण उभारली होती. 'न्याय उजळून दाखविणारे दल' असा त्या नावाचा साधारण अर्थ. आपला धनी टेकडी सोडून मितो गावी निघून गेला, तरी हे लोक टेकडी सोडीनात.

१८६८ च्या जुलै महिन्याची ४ तारीख. पावसाचे दिवस होते. सरकारी सैन्याची आखणी ओमुरा मासुजिरो याने केली होती. देवस्थानाच्या काळ्या दरवाजावर साइगोचे सात्सुमाचे लोक चालून गेले, आणि तळ्यापलीकडच्या उंचवट्यावरून विलायती आर्मस्ट्राँग तोफांचे गोळे टेकडीवर पडू लागले. ज्या तळ्यातील बेटावर सरस्वतीची स्थापना झाली होती, त्याच्यावरूनच ते गोळे गेले. लढाई एका दिवसातच संपली. शोगिताई मोडली, पांगली. मुख्य मंदिर व बहुतेक इमारती आगीत भस्म झाल्या. त्याच दिवशी, शहराच्या दुसऱ्या भागात, फुकुझावा युकिची आपल्या शाळेत एका अमेरिकन ग्रंथकाराच्या आधारे अर्थशास्त्राचा पाठ देत होता आणि तोफा चालू असतानाही त्याने पाठ थांबविला नाही. पुढे केइओ विद्यापीठ झालेल्या त्या संस्थेत हा दिवस आजही स्मरणात ठेवला जातो. जपानच्या पुढील अर्धशतकाचे स्वरूप ज्याला थोडक्यात सांगावयाचे असेल, त्याला हे एका दिवशीचे दोन आवाज पुरेसे आहेत.

मेलेल्या बंडखोरांची प्रेते टेकडीवर तशीच पडून राहिली. सरकारच्या भीतीने त्यांना हात लावण्यास कोणी धजेना. अखेर मिनोवा येथील एन्त्सूजी मंदिराच्या भिक्षूने पुढाकार घेऊन त्यांस अग्नी दिला. उएनोचा तो काळा दरवाजाही पुढे त्याच मंदिराकडे गेला, व त्याच्या लाकडातील गोळ्यांची भोके अद्याप मोजता येतात.

जळालेल्या टेकडीचे काय करावयाचे, हा नव्या सरकारपुढचा प्रश्न होता. वैद्यकीय शाळा व रुग्णालय येथे बांधावे असे ठरत आले होते. जागा पाहावयास बाउदुइन नावाच्या डच डॉक्टरला नेले, तेव्हा त्याने उलटच सल्ला दिला. अशी वनश्री शहरात राहिली आहे ती नष्ट करू नका, येथे लोकांसाठी उद्यान करा, असे त्याचे म्हणणे पडले. १८७३ साली सरकारने जी पहिली पाच सार्वजनिक उद्याने जाहीर केली, त्यांत उएनो आले आणि १८७६ साली सम्राटाच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. या डॉक्टरचा अर्धपुतळा १९७३ साली उद्यानात बसविण्यात आला. पण तो घडविताना छायाचित्र वापरले गेले ते त्याच्या भावाचे! ही चूक दुरुस्त होऊन खऱ्या बाउदुइनला त्याची जागा मिळाली ती २००६ साली. सरकारी कामात असे होते, आणि ते फक्त जपानातच होते असे नाही.

विजेत्याने या टेकडीचा जो उपयोग केला, तो मोठा विचारपूर्वक होता. जेथे जुन्या धन्याचे देवस्थान होते, तेथे नव्या राष्ट्राचे प्रदर्शन मांडावयाचे, असे ते धोरण होते. १८७७ साली देशातले पहिले औद्योगिक प्रदर्शन येथे भरले व सुमारे साडेचार लाख लोकांनी ते पाहिले. १८८२ साली राष्ट्रीय संग्रहालय व प्राणिसंग्रहालय उघडले. संग्रहालय जेथे आहे, ती कानेइजीच्या महंताच्या निवासाची जागा. त्याच्यासमोर जे मोठे कारंजे आहे, तेथे मुख्य मंदिर होते. देवस्थानाला टेकडीच्या मागील अंगास थोडी जागा मिळाली आणि १८७९ मध्ये दुसऱ्या गावाहून एक जुने मंदिर आणून तेथे उभे करण्यात आले. आजचे कानेइजी ते हेच. शांत, आणि पुष्कळ प्रवाशांच्या नजरेतून सुटणारे.

परंतु इतिहासाला विजेत्यांचीही थट्टा करण्याची सवय आहे. १८७७ साली उएनोत प्रदर्शनाची गर्दी चालू असतानाच, दूर दक्षिणेत कागोशिमा येथे काळ्या दरवाजाचा विजेता साइगो ताकामोरी स्वतः बंडखोर म्हणून मृत्यू पावला. नव्या राज्याने सामुराईंचे हक्क काढून घेतले, तेव्हा त्यांच्या उठावाचे नेतृत्व त्याच्याकडे आले होते. लोकांच्या मनातून मात्र तो उतरला नाही. १८८९ साली त्याला मरणोत्तर क्षमा मिळाली, आणि १८९८ साली उद्यानाच्या तोंडाशी त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. मूर्तिकार ताकामुरा कोउन याने त्याला सेनापतीच्या गणवेशात दाखविले नाही. साधा तोकडा किमोनो, गवती वाहाणा आणि दोरीने धरलेले कुत्रे, असा हा वीर फिरावयास निघालेला आहे. ज्याने सरकारावर शस्त्र धरले, त्याला सरकारी गणवेश चढविणे अवघड वाटले असावे. पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी त्याच्या पत्नीने, आपले पती असे कधी बाहेर पडत नसत, असे उद्गार काढल्याची आख्यायिका आहे.

या पुतळ्याच्या मागे काही पावलांवर एक दगडी समाधी आहे. ती शोगिताईच्या मृतांची. दलातून जिवंत राहिलेल्या एका माणसाने खटपट करून ती उभारली, व त्याच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची निगा राखली. दगडावर 'युद्धात पडलेल्यांची समाधी' एवढेच शब्द आहेत. कोणाची बाजू घेऊन ते पडले, हे कोरलेले नाही. सरकारला न रुचणारे नाव दगडावर घालण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही. पण दगड बसविण्याचे झाले. ज्याने त्यांना मारले तो, आणि जे मारले गेले ते, असे दोन्ही बंडखोर आज एकाच सावलीत आहेत.

१९२३ च्या सप्टेंबरात भूकंप व आग यांनी तोक्योचा फार मोठा भाग नष्ट केला. सुमारे पाच लाख लोकांनी या टेकडीचा आश्रय घेतला. ताटातूट झालेल्या नातलगांची नावे लिहिलेले कागद लोकांनी साइगोच्या पुतळ्यावर चिकटविले. त्याचे पाय कागदांनी झाकून गेल्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पुढल्या वर्षी, युवराजाच्या विवाहाच्या निमित्ताने, राजघराण्याच्या मालकीचे हे उद्यान शहराला दान करण्यात आले. भूकंपात येथल्या महाबुद्धाचे मस्तक गळून पडले होते. धड नंतर युद्धकाळात धातूसाठी वितळविले गेले, आणि उरला तो फक्त चेहरा. १९७२ पासून तो एका भिंतीत बसविलेला आहे. परीक्षेला बसणारे विद्यार्थी त्याच्यापुढे आवर्जून हात जोडतात. या बुद्धाला आणखी खाली पडणे शक्य नाही, तेव्हा त्याचा भक्तही पडणार नाही, हा त्यांचा हिशेब!

दुसऱ्या महायुद्धाची उएनोतील सर्वांत दुःखद हकीकत प्राणिसंग्रहालयातली आहे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये तोक्योचा राज्यपाल ओदाची शिगेओ याने हिंस्र प्राणी मारून टाकण्याची आज्ञा केली. २७ प्राणी मारले गेले. जॉन, टोंकी व वानरी या तीन हत्तींची उपासमार करण्यात आली. अन्नाच्या आशेने ते शिकविलेल्या कसरती करून दाखवीत, असे त्यांच्या रखवालदारांनी पुढे सांगितले. ४ सप्टेंबरला मृत प्राण्यांसाठी समारंभपूर्वक प्रार्थना झाली. त्या वेळी टोंकी व वानरी हे जिवंतच होते. हत्तीखान्यावर पडदे लावून ते झाकले होते. टोंकीने सप्टेंबरच्या २३ तारखेपर्यंत तग धरला. या हत्तींची गोष्ट जपानी मुलांच्या पुस्तकांतून घरोघरी पोहोचली आहे, आणि तीत सामान्यतः असे चित्र असते की आकाशातून बॉम्ब पडत होते व त्यामुळे नाइलाज झाला. वस्तुतः तोक्योवरील सततचे हवाई हल्ले १९४४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, म्हणजे या घटनेनंतर वर्षाहून अधिक काळाने. प्राणी मारले गेले ते बॉम्बच्या भीतीपेक्षा, युद्ध किती गंभीर आहे हे नागरिकांच्या मनावर ठसविण्यासाठी. समारंभ एवढ्या गाजावाजाने का झाला, याचा उलगडाही त्यातच आहे.

१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत तोक्योचा पूर्व भाग जळाला व सुमारे एक लाख माणसे मरण पावली. त्यांपैकी पुष्कळांना तात्पुरते या उद्यानाच्या भूमीत पुरावे लागले. ऑगस्टमध्ये जपान शरण गेला. ज्यांची घरे गेली, आईबाप गेले, ते उएनो स्थानकाच्या भुयारी वाटेत येऊन राहिले. कारण तेथे निदान छप्पर होते आणि गाड्यांची ये-जा होती. त्यांत पोरकी झालेली मुले फार होती. कोणी जोडे पुसत, कोणी सिगारेटची थोटके वेचून विकत. कितीकांचा त्या भुयारातच भुकेने अंत झाला.

स्थानकाच्या दक्षिणेस, लोहमार्गाच्या कडेला, एक मोकळा पट्टा होता. तेथील वीजकेंद्राला आगीची झळ पोहोचू नये म्हणून आसपासची घरे युद्धकाळात सरकारनेच पाडली होती. या ओसाड पट्ट्यावर बाजार उभा राहिला. आपण ज्याला काळाबाजार म्हणतो, त्याला जपानी भाषेत 'अंधाराचा बाजार' म्हणतात. मात्र हा अंधार दिवसाढवळ्या भरत असे. शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य अपुरे, आणि तेही आठवडे-आठवडे उशिरा. मग शहरातली माणसे खेड्यांत जाऊन तांदूळ, रताळी घेऊन येत, व उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या उएनोस थांबत, म्हणून माल येथेच उतरे. मांचुरिया आदी प्रदेशांतून व रणांगणांवरून ६० लाखांहून अधिक जपानी माणसे रिकाम्या हातांनी मायदेशी परत येत होती. त्यांतील कित्येकांनी पुलाखालच्या कमानींत फळ्या टाकून दुकाने मांडली. कोरियन व तैवानी विक्रेतेही होते. कालपर्यंत ते साम्राज्याचे प्रजाजन होते. आता ते कोणाचेच नव्हते. गुंडांच्या टोळ्या होत्या, मारामाऱ्या होत, पोलिसांच्या धाडी पडत. १९४६ साली कोन्दो नावाच्या एका उद्योजकाने तेथे गाळे बांधून थोडी शिस्त आणली.

हा बाजार बेकायदा होता, आणि त्याच्यावाचून शहर जगू शकत नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. यामागुची योशिताडा हा तोक्योच्या न्यायालयातील एक तरुण न्यायाधीश. अन्ननियंत्रणाचा कायदा मोडणाऱ्यांना शिक्षा देण्याचे काम त्याच्याकडे होते. दुसऱ्यांना ज्यासाठी शिक्षा करावयाची, ते अन्न आपण खावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला. शिध्याचे जे मिळे, त्यातले बरेचसे तो मुलांना देई. १९४७ च्या ऑक्टोबरात कुपोषणाने त्याचा मृत्यू झाला. ही वार्ता प्रसिद्ध होताच सारा देश हळहळला. त्या वेळी कायद्याप्रमाणे वागणे म्हणजे मरणे होते, आणि मेला तो एकटा न्यायाधीश. बाकीचे सारे, त्याला हळहळणारे धरून, अंधाराच्या बाजारातले तांदूळ खाऊन जगले. या माणसाला वेडा म्हणणारेही त्या वेळी होते. पण त्याच्या वागण्यात जी सचोटी आहे, ती नाकारता येत नाही. तशी पुलाखालच्या विक्रेत्यांची गरजही नाकारता येत नाही.

बाजाराचे नाव याच दिवसांतले. साखर दुर्मीळ झाली होती. रताळ्यापासून केलेल्या चिकट गोड गोळ्यांची शेकडो दुकाने तेथे निघाली आणि गोडासाठी आसुसलेल्या लोकांनी त्यांच्यावर उड्या घातल्या. गोळी विकणारा तो 'अमेया', गल्ली ती 'योकोचो'. त्यांचा संक्षेप 'अमेयोको'. १९५० साली कोरियाचे युद्ध सुरू झाले, तेव्हा अमेरिकन सैनिकांच्या भांडारांतून चॉकलेट, सिगारेटी, घड्याळे, फाउंटन पेने आणि सैनिकी कोट या गल्लीत झिरपू लागले. मग लोक म्हणू लागले की 'अमे' म्हणजे अमेरिका. दोन्ही व्युत्पत्ती आजही सांगितल्या जातात. ज्याने हरविले त्याचे नाव, आणि हरल्यावर तोंड गोड करणाऱ्या वस्तूचे नाव, ही दोन्ही एकाच अक्षरजोडीत मावली, याची येथे कोणाला खंत दिसत नाही.

टेकडीवरचा हत्तीखाना रिकामाच होता. १९४९ साली उएनो ज्या भागात येते, त्या ताइतो विभागाच्या मुलांनी आपल्या बालसभेत हत्ती आणण्याचा विषय घेतला. नागोया शहरी दोन हत्ती युद्धातून वाचले होते. त्यांतला एक उसना द्या, अशी मुलांनी विनंती केली. पण ते दोन प्राणी परस्परांस सोडण्यास तयार नव्हते. तेव्हा मुलांनाच खास आगगाड्यांनी नागोयास नेऊन हत्ती दाखविण्यात आले. तोक्योच्या मुलांनी मग भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू यांस पत्रे लिहिली. ती हजाराहून अधिक होती. जपान त्या वेळी परकीय सैन्याच्या ताब्यात होता व त्याला आपला राजदूत पाठविण्याचाही अधिकार नव्हता. त्यामुळे जी गोष्ट सरकारांना करता आली नसती, ती मुलांनी केली. म्हैसूरकडील एक पंधरा वर्षांची हत्तीण निघाली. पंडितजींनी तिला आपल्या कन्येचे नाव दिले: इंदिरा.

१९४९ च्या सप्टेंबरअखेर ती तोक्योच्या बंदरात उतरली व रात्रीच्या वेळी शहरातील रस्त्यांवरून पायी उएनोस आली. तिला सांगितलेले कळे ते कानडीत. म्हणून बरोबर आलेल्या माहुतांनी जपानी रखवालदारांना ते शब्द शिकविले. सहा वर्षांपूर्वी ज्यांना आपल्या हातांनी हत्ती उपाशी ठेवावे लागले होते, त्या संग्रहालयातील माणसे आता कानडी आज्ञा घोकू लागली. पुढल्या वर्षी इंदिरेला जपानच्या इतर शहरांतूनही फिरविण्यात आले, व जेथे ती जाई तेथे मुलांच्या रांगा लागत. १९५७ साली नेहरू जपानला गेले, तेव्हा इंदिरा गांधींसह ते तिला भेटावयास उएनोत आले होते. १९८३ साली ती वारली. राजनैतिक दप्तरात या हत्तिणीला फारशी जागा मिळणार नाही. पण १९५२ साली भारताने जपानशी स्वतंत्र शांतता-करार केला, त्याच्या तीन वर्षे आधी या दोन देशांत एक करार होऊन गेला होता आणि त्यावर सह्या मुलांच्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

याच टेकडीवर भारताशी धागा जुळणारी आणखी एक वास्तू आहे. मात्सुकाता नावाच्या उद्योगपतीने युरोपात जमविलेली चित्रे व शिल्पे युद्धानंतर फ्रान्सने शत्रूची मालमत्ता म्हणून ठेवून घेतली. ती परत देताना योग्य संग्रहालय बांधण्याची अट घालण्यात आली. इमारतीचा आराखडा ल कॉर्बुझिए याने केला व १९५९ साली ती उघडली. त्याच्या निवडक वास्तूंना २०१६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्या यादीत उएनोचे हे संग्रहालय आणि चंदीगडचे राजधानी-संकुल एकत्रच आहेत.

१९५४ पासून वीसएक वर्षे उत्तरेकडील खेड्यांतून शाळा संपविलेली पोरे खास गाड्यांनी उएनोत उतरत व तेथून कारखान्यांत, दुकानांत वाटली जात. जपानच्या भरभराटीने त्यांना 'सोन्याची अंडी' म्हटले. बहुतेकांचे वय पंधरा. परत जाणे त्यांना वर्षातून एखाद्या वेळीच जमे, आणि गावी न्यावयाची भेटवस्तू पुष्कळ वेळा अमेयोकोतच घेतली जाई, कारण तेथे ती स्वस्त मिळे. कवी इशिकावा ताकुबोकू हा उत्तरेचाच. त्याच्या एका कवितेची शिला स्थानकात बसविलेली आहे.

अमेयोकोच्या ऐन मध्यावर, दुकानांच्या डोक्यावर, एक मंदिर आहे. खाली सुकामेवा व मिठाई, जिना चढून वर गेले की मारिशितेन. हीदेखील भारतातूनच गेलेली देवता; आपल्या संस्कृत ग्रंथांतील मरीचि, प्रकाशकिरणांची देवी. सामुराई तिला युद्धात जयासाठी भजत. आता तिचे भक्त बहुधा व्यापारी आहेत. वर मंत्रपठण चालते, आणि त्यात खालून हजार येनला चॉकलेटची पिशवी भरून देणाऱ्या विक्रेत्याच्या आरोळ्या मिसळतात. तो एकेक वस्तू पिशवीत टाकतो, थांबतो, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो आणि आणखी एक टाकतो. अलीकडे जुनी मासळीची दुकाने कमी होत चालली आहेत. त्यांच्या जागी चिनी, कोरियन, तुर्की खाद्यपदार्थांचे ठेले आले आहेत. एका इमारतीच्या तळघरात आशियातील अनेक देशांचे मसाले, भाज्या व मासळी मिळते, आणि तोक्योत राहणारा परदेशी माणूस घरच्या चवीच्या शोधात हटकून तेथे पोहोचतो.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत मात्र जुना बाजार पुरता जागा होतो. नववर्षाच्या जेवणासाठी लागणारे खेकडे, रावस जातीची मासळी, माशांची खारवलेली अंडी घेण्यासाठी लक्षावधी लोक या अर्ध्या किलोमीटरात लोटतात. चालणे आपल्या इच्छेवर राहत नाही. गर्दी नेईल तिकडे जावयाचे. ३१ तारखेच्या संध्याकाळी भाव झपाट्याने उतरू लागतात, कारण उरलेली मासळी दुसऱ्या दिवशी कोणी घेणार नसते. जाणती गिऱ्हाइके त्याच वेळेची वाट पाहत पुलाखाली उभी असतात.